मंग काय झालं?

वऱ्हाडात दुःख सांगायला कोणी आडपडदा ठेवत नाही. एसटीत शेजारी बसलेला अनोळखी माणूस बडनेऱ्यापासून मूर्तिजापूर येईस्तोवर बोंडअळी, बँकेची नोटीस, वडिलांचं ऑपरेशन, सगळं सांगून मोकळा होतो. ऐकणाराही मनापासून ऐकतो, "काय करता बाप्पा" म्हणतो, आणि उतरताना त्याची पिशवी खाली देतो. आपल्या मुलखाचं हे मोठं धन आहे. पण त्याच माणसाच्या पोराला कालच नोकरीची ऑर्डर आली असेल, तर ती गोष्ट मूर्तिजापूर मागे पडलं तरी त्याच्या तोंडातून निघत नाही. घरून निघताना बायकोनं बजावलेलं असतं, "कोनाले सांगू नोका आताच. नजर लागते."

ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. पेरलेलं उगवेल याची खात्री नाही, उगवलेलं पिकेल याची नाही आणि पिकलेल्याला भाव मिळेल याची तर कधीच नाही, अशा जागी पिढ्यान् पिढ्या राहिलेली माणसं हातात आल्याशिवाय बोलत नाहीत. शिवाय एक सभ्यपणाही त्यात आहे. २००६ साली पंतप्रधानांचं पॅकेज आलं ते शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी. अमरावती आणि अकोला हे दोन्ही जिल्हे त्या यादीत होते. गल्लीतल्या एका घरात असं काही घडलेलं असताना दुसऱ्या घरानं पेढे कसे वाटावेत? शेजाऱ्याच्या शिवारात पाऊस नाही पडला, म्हणून आपल्या शिवारातल्या पावसाबद्दल हळू बोलायचं, ही रीत मला मोलाची वाटते.

पण तिसरं एक कारण सर्रास दिलं जातं आणि ते मला पटत नाही. "जास्त कौतुक करू नका, डोक्यात हवा जाईन." परीक्षेत चांगले गुण मिळवलेल्या मुलासमोर, त्याला ऐकू जाईल अशा बेतानं, हे वाक्य आपल्याकडे किती घरांत बोललं जात असेल!

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या घरातही ते बोललं गेलं होतं. 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी स्वतःच तो प्रसंग नोंदवला आहे. ते इंग्रजी चौथीची परीक्षा पास झाले. समाजातला इथवर पोचलेला पहिलाच मुलगा, म्हणून लोकांना सभा घेऊन त्याचं कौतुक करायचं होतं. त्यासाठी ते सुभेदार रामजींची परवानगी मागायला गेले. रामजींनी साफ नकार दिला. पोरगा एक परीक्षा पास झाला आहे, दुसरं काही केलेलं नाही, अशानं त्याचं डोकं फिरेल, असं त्यांचं म्हणणं. हा कोरडा बाप नव्हता. पोराच्या पुस्तकांसाठी लग्न झालेल्या मुलींचे दागिने गहाण ठेवायलाही त्यानं मागेपुढे पाहिलं नव्हतं. त्याचा नकार मायेपोटीच होता. म्हणून तर तो आपल्या घरातल्या नकारासारखा वाटतो.

लोक हिरमुसले, पण हटले नाहीत. ते रामजींचे स्नेही दादा केळुसकर यांच्याकडे गेले आणि तुम्ही मध्ये पडा म्हणाले. केळुसकर आले, दोघांत थोडी वादावादी झाली आणि रामजी राजी झाले. सभा झाली. अध्यक्षस्थानी केळुसकरच होते. भाषण संपल्यावर त्यांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्या मुलाच्या हातात ठेवलं. मुलानं ते वाचलं आणि तो हलून गेला. आपण बुद्धाकडे कसे वळलो हे सांगताना बाबासाहेब सुरुवात करतात ती या सभेपासून. तिथून निघालेली वाट १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात कुठे पोचली, हे वऱ्हाडातल्या मुलामुलींना माहीत आहे.

याच हकिकतीत बाबासाहेबांनी एक गोष्ट मोकळेपणानं लिहिली आहे. इतर समाजांतल्या शिक्षणाकडे पाहिलं तर इंग्रजी चौथी पास होणं हा काही सोहळा करण्याचा प्रसंग नव्हता. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. यश केवढं, हे ते माणूस कुठून निघालं होतं त्यावर ठरतं. त्या सभेला जमलेल्यांना ती सुरुवातीची जागा ठाऊक होती, कारण ते स्वतः तिथेच उभे होते.

१४ मे २०२५ ला भूषण गवई देशाचे सरन्यायाधीश झाले. दर्यापूर तालुक्यातल्या दारापूरचं घराणं, दादासाहेब गवईंचे चिरंजीव, लहानपण अमरावतीच्या फ्रेझरपुऱ्यात. या पदावर बसलेले ते पहिले बौद्ध. अमरावतीनं तो दिवस घरचा मानला, आणि मानायलाच हवा होता. पण एवढा मोठा आनंद स्वतःच्या बळावर साजरा होतो, त्याला कोणी मध्ये पडावं लागत नाही. चौथी पास झालेल्या पोराला मात्र केळुसकर लागतो.

जून-जुलैत अमरावती-अकोल्यात गुणवंतांच्या सत्कारांचा हंगाम असतो. समाजमंदिरं, विहार, पतसंस्था, शिक्षकांच्या संघटना, कुठे ना कुठे रोज कार्यक्रम. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, मग पाहुण्यांची भाषणं. मला हे कार्यक्रम मनापासून आवडतात. नेमका पेरणीचा हंगाम असतो. शेवटच्या रांगेत शेतातून थेट आलेली आई बसलेली असते, नाव पुकारल्यावर पोरगी व्यासपीठावर चढते आणि आई आधी इकडे-तिकडे पाहते, सगळे बघताहेत ना म्हणून. माझं गाऱ्हाणं एवढंच की पत्रिकेवर 'नव्वद टक्क्यांच्या वर' असं लिहिलेलं असतं. गणितात दोनदा अडकलेला आणि यंदा पुरवणी परीक्षेत निघालेला मुलगा त्या सभागृहाच्या बाहेर खुर्च्या लावत असतो. त्याचं यश कोणाच्याही पत्रिकेत बसत नाही. बोर्डानं गुणवत्ता यादी बंद केली त्याला बरीच वर्षं झाली, आपल्या मनातली यादी मात्र चालूच आहे. एखाद्या संस्थेनं एक वर्ष तरी अडकून निघालेल्यांचा सत्कार करून पाहावा. शाल तीच, नारळ तोच. आई तर अधिकच आनंदानं येईल.

आता सांगणाऱ्याचा संकोच एका बाजूला ठेवून ऐकणाऱ्याकडे वळते, कारण माझ्या मते अडचण जास्त तिथे आहे.

मुलगी कॉलेजातून घरी येते आणि चप्पल काढायच्या आत म्हणते, "बाबा, मले पुण्याच्या कंपनीत जॉब लागला." बाबा म्हणतात, "पॅकेज किती? अन् पुण्यात खोली कितीले भेटते, माहीत हाय का तुले?" किंवा म्हणतात, "बरं झालं. जेवून घे." किंवा, "हो का? अवं, तुह्या मामाचा फोन आलता, सातबाऱ्याचं काय झालं म्हने." तिन्ही उत्तरं देणारे बाप प्रेमळच असतात. पहिल्याला काळजी आहे, दुसऱ्याला बोलता येत नाही, तिसऱ्याच्या डोक्यावर तलाठी कार्यालय बसलेलं आहे. पण चौथा एक बाप असतो. तो पेपर खाली ठेवतो आणि म्हणतो, "खरंच? बस अथी. काय इचारलं त्याहीनं? मंग तू काय सांगतलं? मंग काय झालं?"

शेली गेबल नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली यावरच संशोधन प्रसिद्ध केलं. चांगली गोष्ट घडल्याचा आनंद वेगळा आणि ती कोणाला सांगितल्याचा आनंद त्याच्यावर आणखी, हे त्यांना दिसलं. पुढे त्यांनी नवरा-बायको आणि जोडीदार एकमेकांच्या बातमीला कसं उत्तर देतात ते तपासलं. खुसपट काढणारं, थंडपणे बरं म्हणणारं, विषय बदलणारं आणि उत्सुकतेनं विचारणारं, असे चार प्रकार त्यांनी मांडले. जिथे चौथं उत्तर मिळत होतं तिथली नाती घट्ट आढळली. नंतरच्या अभ्यासात तर जोडीदार आपल्या सुखात कसा सामील होतो, याचा नात्याच्या प्रकृतीशी संबंध तो अडचणीत कसा वागतो याहूनही अधिक स्पष्ट दिसला. अडचणीत धावून जाणं आपल्याला येतं. रात्री दोन वाजता अमरावतीच्या इर्विन दवाखान्यात पेशंट न्यायचा असेल तर अख्खी गल्ली जागी होते. सुखाच्या बातमीला गल्ली तेवढी तत्पर नसते.

बुद्धानं मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा असे चार भाव वाढवायला सांगितले आहेत. त्यांतला तिसरा, म्हणजे दुसऱ्याच्या सुखानं सुखी होणं, करुणेपेक्षा अवघड आहे असं मला अनुभवानं वाटतं. दुःखी माणसाजवळ बसताना आपण घटकाभर त्याच्यापेक्षा बरे असतो. आनंदी माणूस आपल्यापुढे एक पाऊल गेलेला असतो आणि तिथेच मन कचरतं. हे कचरणं वाईट स्वभावाचं लक्षण मुळीच नाही. सवयीचा भाग आहे, आणि तोंडातून एक प्रश्न निघाला की ते बऱ्यापैकी ओसरतं.

कामाच्या ठिकाणचं यश तर अनेकदा करणाऱ्याच्या नावावरच लागत नाही. अमरावतीहून अकोल्याला जाणारा रस्ता घ्या. ३ ते ७ जून २०२२ या दिवसांत लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटर डांबरी काँक्रीटचा सलग थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला आणि गिनीज बुकात विक्रम नोंदवला गेला. आधीचा विक्रम कतारमधला होता, २५ किलोमीटरच्या जरा वर, आणि त्याला दहा दिवस लागले होते. आपल्याकडे ७२० माणसं रात्रंदिवस पाळ्यांनी राबली. वऱ्हाडातला जूनचा पहिला आठवडा म्हणजे पाऊस आलेला नसतो, ऊन उतरलेलं नसतं, आणि त्यात उकळत्या डांबराची धग. प्रमाणपत्र आलं, मंत्र्यांनी अभिनंदन केलं, पेपरात पहिल्या पानावर बातमी आली. हे सगळं रास्तच झालं. त्या वाटेनं जाताना मला मात्र त्या ७२० घरांबद्दल कुतूहल वाटतं. फावडं धरणाऱ्यानं त्या रात्री फोनवर घरी काय सांगितलं असेल? "आमचा रस्ता जगात पहिला आला" असं म्हणाला असेल का? आणि पलीकडून कोणी "मंग?" म्हटलं असेल का?

एसटी महामंडळाची एक पद्धत मला या बाबतीत फार शहाणपणाची वाटते. ज्या चालकानं २५ वर्षं विनाअपघात गाडी चालवली, त्याचा सत्कार होतो, आणि तोही सपत्नीक. परतवाड्याहून सेमाडोह, हरिसाल करत धारणीला जाणारा मेळघाटातला वळणांचा रस्ता ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या पंचवीस वर्षांचं वजन कळेल. यात घडलेलं असं काहीच नसतं. गाडी वेळेवर सुटली, सुखरूप पोचली, उद्या परत सुटेल. काही न घडण्याचं श्रेय देणं किती अवघड आहे, ते घरात रोज स्वयंपाक करणाऱ्या बाईला विचारा. आणि बायकोला शेजारी उभं करणं हे तर त्याहून मोठं. पहाटेच्या गाडीसाठी त्याला उठवणारी, डबा देणारी, मुक्कामी ड्यूटीच्या रात्री घर सांभाळणारी तीच असते.

घरातल्या यशाची नोंद कुठेच होत नाही, म्हणून तिथे जास्त थांबावंसं वाटतं. बचत गटाच्या कर्जाचा शेवटचा हप्ता भरून आलेली बाई पासबुक डब्यात ठेवते आणि कणीक मळायला घेते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेले आबाजी आधाराविना जिना चढून गच्चीवर जातात. पन्नाशीची मावशी पहिल्यांदा एकटी स्कूटीवर राजकमल चौक पार करून येते. आणि खर्रा सोडून महिना झालेला माणूस! आपल्याकडे खर्रा सोडणं म्हणजे काय, ते सोडणाऱ्यालाच ठाऊक. तो बिचारा सांगायलाही धजत नाही, कारण घरचेच म्हणतात, "पाहू, किती दिवस टिकते." त्याला तिसाव्या दिवशी कोणी म्हटलं की सकाळची तलफ कशी मारली सांग बरं, तर एकतिसावा दिवस जरा सोपा जाईल, असा माझा विश्वास आहे.

घरातल्या अशा यशाचा गावभर सण करून दाखवला तो शेतकरी नेते शरद जोशींनी. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, आणि पुढे काही वर्षांनी 'लक्ष्मी मुक्ती'चा कार्यक्रम आला. शेतकऱ्यानं आपल्या जमिनीतला वाटा बायकोच्या नावे करून द्यायचा. ज्या गावात शंभर बायकांच्या नावे अशी जमीन होईल तिथे जोशी स्वतः जायचे. एरवी तलाठ्याच्या दप्तरातली एक नोंद, कपाटात घडी घालून ठेवायचा कागद. इथे त्या कागदासाठी सभा होऊ लागली. जमीन नावावर होणं हे मोठं होतंच, पण ते चारचौघांत, नवऱ्याच्या आणि भावकीच्या समोर सांगितलं गेलं, हेही कमी नव्हतं. चारचौघांत सांगितलेलं मागे घेणं कठीण जातं.

साजरं करायचं म्हटलं की खर्च आला, ही धास्तीही खोटी नाही. चौकातला फ्लेक्स, डीजे, पार्टी, आणि मग उसनवारी. याला उत्तर देणारा माणूस आपल्याच अमरावती जिल्ह्यातला. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेला डेबूजी, म्हणजे आपले गाडगेबाबा. दारूनं वडील गेलेले, कर्जात जमीन गेलेली, हे त्यांनी लहान वयात पाहिलं होतं. मुलीच्या बारशाला मटण आणि दारू ठेवायची जातीतली रीत होती. डेबूजींनी ती मोडली आणि पंगतीला गोडाचं जेवण वाढलं. भाऊबंद रुसले. मुलगी झाल्याचा आनंद मात्र त्यांनी टाळला नाही, पंगत घातलीच. आनंद ठेवला आणि कर्ज टाळलं, हे करायला त्या काळात काय धैर्य लागलं असेल! आज रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण एवढ्यावर शेतात दहा माणसं तृप्त होतात. गोवऱ्यांचा जाळ आणि आंब्याची सावली फुकट आहे.

राहता राहिला तो "हातात पुरतं आल्यावरच सांगू" हा हट्ट. त्याला आपल्याच शेतात उत्तर आहे. कापूस फुटला की वेचणीच्या सुरुवातीला वऱ्हाडात सीतादही करतात. घरची बाई दहीभात घेऊन शेतात जाते, पूजा मांडते, नैवेद्य दाखवते, पहिली बोंडं वेचते, आणि मग वेचणीला आलेल्या बायांसोबत तिथेच बसून जेवते. अजून दोन-तीन वेचण्या बाकी असतात. अवकाळी येऊ शकतो, बाजारात काय भाव फुटेल ते कोणाला ठाऊक नसतं. तरीही पहिल्या बोंडाचा आनंद शेजारणींना बोलावून होतो, आणि पिढ्यान् पिढ्या होत आला आहे. नजर लागण्याची भीती बाळगणाऱ्याच त्या बाया आहेत.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलीची स्पर्धा परीक्षेची पूर्वपरीक्षा निघाली आहे. जिन्यात भेटली तेव्हा तिची आई हळूच म्हणाली, "मेन्स अन् मुलाखत बाकी हाय वयनी, आताच कोनाले सांगू नोका." मी त्यांना शब्द दिला आहे आणि तो पाळणार आहे. पण त्या मुलीला अजून कोणी नीट विचारलेलं दिसत नाही. आज संध्याकाळी थोडा शिरा घेऊन वर जाईन म्हणते. पहिला पेपर कसा गेला, कोणत्या प्रश्नावर अडली, निकाल मोबाइलवर पाहिला तेव्हा शेजारी कोण होतं, हे सगळं तिला पयल्यापासून सांगायला लावायचं आहे.